हायवे धरा म्हणणाऱ्यांना उत्तर

मुंबईहून सायकलनं कोकणात जायचं म्हटलं की सायकल चालवणाऱ्यांच्या गोटात एक सल्ला हमखास मिळतो. हायवे धरा. पनवेल, वडखळ, माणगाव, महाड, खेड, चिपळूण; हातखंब्याला उजवीकडे वळलात की रत्नागिरी. डांबर चांगलं, कडेचा शोल्डर रुंद, पंक्चर झालं तर दुकान, काही बरंवाईट झालं तर दवाखाना. आडरस्त्याला जाऊन कशाला जिवाशी खेळायचं? परवा एका बैठकीत एका अनुभवी सायकलपटूनं पहिल्यांदाच लांब निघालेल्या मुलामुलींना हेच सांगितलं आणि समोरच्यांनी माना डोलावल्या. सांगणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला मुळातून चुकीचा आहे. काळजीपोटी दिलेला असला तरी तो माणसाला नेमका जिथे धोका जास्त आहे तिथे नेऊन सोडतो.

आधी आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ६१,०३८, म्हणजे शंभरातली छत्तीस, राष्ट्रीय महामार्गांवर मेली. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा आहे दोन-सव्वादोन टक्के. यावर ठरलेलं उत्तर येतं, की देशाची जवळजवळ चाळीस टक्के वाहतूक याच रस्त्यांवरून धावते, तेव्हा छत्तीस टक्के मृत्यू हे प्रमाणातच आहेत. मोटारीत बसलेल्या माणसापुरता हा हिशेब मान्य. तो त्या वाहतुकीचाच एक भाग असतो, तिच्याच वेगानं जातो, पत्र्याच्या आत पट्टा बांधून बसलेला असतो. सायकलवरच्या माणसाचं तसं नाही. त्याच्यासाठी दोनच गोष्टी महत्त्वाच्या: तासाभरात किती वाहनं आपल्या अंगावरून पुढे जातात, आणि ती आपल्यापेक्षा किती जास्त वेगानं जातात. वाहतूक जास्त आहे ही सबब मोटारवाल्याचा धोका पातळ करते, सायकलवाल्याचा वाढवते.

वेगाचं गणित शाळेत शिकलेलंच आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. सामान लादलेली सायकल पंधराच्या वेगानं चाललेली असते. मागून ऐंशीनं येणारा ट्रक तिच्यापेक्षा पासष्टनं जास्त पळतो. मुरूड-श्रीवर्धनच्या वळणांवर चाळिशीत येणारा टेम्पो पंचवीसनं जास्त. वाहनांचं वजन बाजूला ठेवलं तरी फरक सहा-सात पटींचा होतो. शिवाय चाळिशीतल्या चालकाला ब्रेक मारायला, हॉर्न द्यायला, आपल्याला पाहायला अवधी मिळतो. गावातला रस्ता अरुंद असतो, खड्ड्यांचा असतो, वळणावळणाचा असतो, आणि त्याच कारणानं तिथे कुणाला ऐंशीनं जाता येत नाही. ज्या गोष्टीला हे लोक त्या रस्त्याचा दोष म्हणतात तीच आपलं संरक्षण आहे.

आता त्या रुंद शोल्डरबद्दल. शोल्डर नकाशावर सायकलसाठी असतो, प्रत्यक्षात तो सगळ्यांसाठी असतो. दुभाजकातला पुढचा कट दोन किलोमीटरवर असला की गावातली मोटारसायकल शोल्डरवरून उलट्या दिशेनं येते, अंधारात आली तर दिवा न लावता. बंद पडलेला ट्रक तिथेच उभा असतो, आणि मागच्यांना इशारा म्हणून रस्त्यावर चार दगड आणि झाडाची एक फांदी ठेवलेली असते. उड्डाणपूल सुरू झाला की शोल्डर एकाएकी संपतो. डावीकडे सर्व्हिस रोडला उतरावं की मुख्य रस्त्यावर राहावं, हे मागून गाड्या येत असताना क्षणात ठरवावं लागतं. आणि शोल्डरवर साचलेला कचरा! ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे रस्त्याच्या कडेला जमतात. असा केसाएवढा तुकडा सायकलच्या टायरमध्ये शिरतो, डोळ्यांना दिसत नाही, ट्यूब बदलली तरी अर्ध्या तासात पुन्हा हवा जाते. टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवत तो शोधावा लागतो आणि चिमट्यानं ओढून काढावा लागतो. हायवेला पंक्चरची दुकानं पुष्कळ आहेत हे खरं. तिथे पंक्चरही पुष्कळ होतात.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल तर वेगळं काय सांगायचं. २०११ साली सुरू झालेलं चौपदरीकरण पुढची दहा-बारा वर्षं रखडलं. मधल्या काळात तयार रस्ता, खोदलेला रस्ता आणि तात्पुरतं वळण अशी मिसळ कोकणातल्या प्रत्येक माणसानं सोसली. अशा रस्त्याला सुरक्षित म्हणून नवशिक्याच्या हाती देणं मला पटत नाही.

पर्याय काय? पर्याय किनाऱ्यानं आहे, आणि तो मुंबईकराला तर फारच सोपा आहे. दुसऱ्या मोठ्या शहरांतून बाहेर पडायला चाळीस-पन्नास किलोमीटर वाहतुकीत रेटावं लागतं. मुंबईहून समुद्रातून बाहेर पडता येतं. पहाटे दादर-परळहून निघायचं, लालबाग, रे रोड करत भाऊच्या धक्क्यावर पोचायचं. मासळीच्या बाजारामुळे धक्क्याचा रस्ता ओला आणि निसरडा असतो. तिथे उतरून सायकल हातानं न्यावी. मार्च २०२० पासून तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते. सायकलचं तिकीट काढलं की ती गाड्यांच्या डेकवर उभी राहते. तासाभरात आपण मांडव्याला उतरतो, समोर सुपारीच्या वाड्या असतात, आणि सायन-पनवेल रस्त्याचा एक मीटरही चालवावा लागलेला नसतो.

पुढचा मार्ग असा: अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी. दिवेआगर, मग आरावी-शेखाडीचा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला बोट, सावित्रीपलीकडे वेसवी. बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली. दाभोळला वाशिष्ठी ओलांडून धोपावे. ही फेरी २००३ पासून चालू आहे आणि तिच्या यशामुळेच बाकीच्या खाड्यांवरही तशा बोटी आल्या. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. मांडव्याची धरून पाच बोटी. एकाही ठिकाणी मुंबई-गोवा महामार्गाला चाक लागत नाही.

इथे टीकाकारांचं एक म्हणणं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. हा मार्ग हायवेपेक्षा लांब आहे आणि कितीतरी जास्त दमवतो. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं देशावरच्या माणसाला वाटतं. कोकणात प्रत्येक खाडीपाशी रस्ता पाण्याच्या पातळीला उतरतो आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सड्यावर चढतो. धोपाव्याला बोटीतून उतरलं की चढ, जयगडला उतरलं की चढ, दिघीला उतरलं की चढ. वर जांभ्याचा उघडा सडा, त्यावर सावलीला झाड नाही, पाणी नाही, अकरा वाजल्यानंतर खालचा दगडही तापून उष्णता फेकतो. पाच-सात किलोमीटर सड्यावरून गेल्यावर पुन्हा उतार, नारळ-पोफळी, विहीर, गाव. असं दिवसातून तीन-चारदा.

म्हणून माझं खरं भांडण हायवेपेक्षा मोठं आहे. हायवेचा सल्ला जन्माला येतो तो मार्गाची आखणी किलोमीटरमध्ये करण्याच्या सवयीतून. 'रोज शंभर किलोमीटर, चार दिवसांत पोचू' असं एकदा ठरवलं की सपाट, सरळ आणि लहान रस्ताच निवडावा लागतो. आखणी तासांत करा. डिसेंबरमध्ये उजेड जेमतेम अकरा तास. त्यातला बोटींची वाट पाहण्याचा एक तास वजा करा, दुपारचे दोन तास सावलीत काढा, खाणंपिणं आणि फोटो यांचे दोन तास. उरले सहा. सामान लादलेली सायकल, चढउतार धरून, या रस्त्यावर तासाला दहा-बारा किलोमीटर जाते. म्हणजे दिवसाला साठ ते सत्तर. मुरूडहून हरिहरेश्वर साठ-पासष्टच्या आसपास आहे आणि तो अख्खा एक दिवस आहे, चांगला भरगच्च.

चढाचाही हिशेब आधी करता येतो. चालवणारा, सायकल, सामान मिळून शंभर किलो धरा. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी आठनं जायचं तर नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे १३० वॉट लागतात. रोज सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाला हे तासभर पेलतं. तोच चढ दहा टक्क्यांचा झाला की २२० वॉटच्या घरात जातो, आणि हे बहुतेकांना दहा मिनिटांहून जास्त झेपत नाही. तेव्हा 'एकूण चढाई किती' याच्या आधी 'सगळ्यात खडा तुकडा किती टक्क्यांचा' हा प्रश्न विचारावा. किनाऱ्याच्या रस्त्यावर असे लहान पण खडे तुकडे पुष्कळ आहेत. पुढची सर्वात लहान चकती आणि मागची सर्वात मोठी चकती यांचा मेळ घरून निघण्यापूर्वी दुकानात बसून बघायचा. आणि तरी नाही झेपलं तर उतरून ढकलायचं. ढकलण्याचे तासही आखणीत धरायचे असतात.

फोनवरचा नकाशा हे सगळं सांगेल, असं तरुण मंडळी म्हणतात. तो बरंच सांगतो, पण त्याच्या उंचीच्या आकड्यांवर आंधळा विश्वास नको. यातली पुष्कळशी माहिती अवकाशातून मोजलेल्या सुमारे तीस मीटरच्या चौकटींवर आधारलेली असते. डोंगराच्या कुशीतून कोरलेल्या रस्त्याला शेजारच्या कड्याची उंची चिकटते आणि सपाट तुकडा चढ म्हणून दिसतो. उलट शंभर मीटरचा खडा चढ सरासरीत विरघळून जातो. शिवाय नकाशाला खाडी म्हणजे एक तुटक रेघ वाटते. शेवटची बोट किती वाजता सुटते हे आदल्या दिवशी फोन करून विचारावं लागतं. दाभोळची शेवटची बोट चुकली तर खेड-चिपळूणवरून गुहागरला जायला शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. मोठ्या ओहोटीच्या वेळी धक्क्याला बोट लागायला कधीकधी उशीर होतो, तेव्हा भरतीचा अंदाज हवा. तोही कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. कॅलेंडर खिशात असलं की पुरे.

वाऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून मंद येतो. दुपारनंतर वायव्येकडून समुद्रवारा सुटतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी किंवा उजव्या खांद्याला लागतो. म्हणून जाताना सायकल आणि येताना रेल्वे. रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब, कुवारबावला, चढावर आहे, तेव्हा शेवटच्या दिवशीचे पाय थोडे राखून ठेवावेत. सायकल पार्सल ऑफिसात नोंदवून सामानाच्या डब्यातून जाते. लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तिथे हा उपद्व्याप करू नये.

आडरस्त्याला मदत मिळत नाही, हा आक्षेप मला सर्वात कमी पटतो. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, गुहागर ही सगळी तालुक्याची गावं. तिथे सरकारी दवाखाना आहे, औषधाचं दुकान आहे, एसटी स्टँड आहे. यांतलं एक ना एक गाव बहुतेक वेळ तास-दोन तासांच्या टप्प्यात असतं. मोटारसायकलची ट्यूब काढणारा माणूस सायकलचीही काढतो. फक्त एक काळजी घ्यावी: महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. त्यावर बसणारी पितळेची टोपी चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. ती नसेल तर हवा मारणारा समोर उभा असतो, पंप असतो, आणि तरी हवा भरता येत नाही. मी पंपाच्या पिशवीत दोन टोप्या ठेवते आणि एक चाकालाच कायम चढवलेली असते.

आणि मुलींनी तर हायवेच धरावा, हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. मी बाई आहे आणि एकटी सायकल चालवते. हायवेवर दोन गावांमधला दहा किलोमीटरचा पट्टा म्हणजे ज्याला कुणी पाहत नाही असा पट्टा. गाड्या असंख्य जातात, पण ऐंशीनं जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला रस्त्याच्या कडेला काय चाललंय हे कळत नाही, कळलं तरी तो थांबत नाही. केळशी-आंजर्ल्याच्या बाजूला दर काही मिनिटांनी घर आहे, पाखाडी आहे, शाळा सुटलेली पोरं आहेत, काजूच्या बागेत काम करणाऱ्या बायका आहेत. 'एकट्याच? कुठून आलात?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. शहरातल्या बायकांना या प्रश्नाचा जाच होतो हे मला माहीत आहे. रस्त्यावर मात्र तो प्रश्न विचारणारी बाई म्हणजे मला पाहिलेली, माझी नोंद घेतलेली आणि पुढच्या वाडीत कुणाकडे पाणी मिळेल हे सांगणारी बाई असते. रात्री चालवायची नाही, सड्यावर तिन्हीसांजेला अडकायचं नाही, मुक्काम आधी फोनवर ठरवायचा, एवढं पाळलं की हा रस्ता बाईमाणसाला हायवेपेक्षा शतपट बरा.

किनाऱ्याचे सगळेच रस्ते निवांत आहेत असं नाही. जयगड बंदरामुळे निवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहनं असतात. तो टाळून मालगुंडची वाट धरावी. दिघीहून म्हसळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचंही तेच. शनिवार-रविवारी अलिबाग ते काशीद हा पट्टा मुंबईच्या गाड्यांनी भरतो, तेव्हा मंगळवारी-बुधवारी निघावं. पुणेकरांना ताम्हिणीबद्दल हेच सांगणं आहे. पौड, मुळशी, ताम्हिणी करत विळ्याला उतरणारा रस्ता आडवारी सुरेख असतो. पावसाळ्यातल्या रविवारी तोच रस्ता धबधब्याला आलेल्या गाड्यांच्या रांगांनी चालण्यालायक राहत नाही. रस्ता निवडणं म्हणजे वार निवडणंही आलं.

एक शेवटचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे. हायवेचा सल्ला देणारे म्हणतात की किनाऱ्याचे रस्ते कसेही असोत, सायकलवाल्यांनी त्यांची वकिली करण्यात अर्थ नाही. मोठा रस्ता होईल तेव्हा तोच वापरू. मोठा रस्ता होतोच आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-रेडी सागरी महामार्ग आता प्रत्यक्षात उतरतो आहे आणि खाड्यांवर पूल येत आहेत. हे पूल व्हायलाच हवेत. बाळंतपणाला अडलेल्या बाईला शेवटच्या बोटीची वाट पाहायला लावण्याचा अधिकार माझ्यासारख्या हौशी प्रवाशाला नाही. पण आपल्यासमोर अटल सेतूचं उदाहरण आहे. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा हा पूल सायकलला बंद आहे, मोटारसायकलला आणि रिक्षालाही बंद आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही तसाच. समुद्रावरचा इतका मोठा पूल बांधताना कडेला दोन मीटरची पट्टी सायकलला द्यावी, अशी मागणी ठामपणे करायला आपल्यातलं कुणी उभं राहिलं नाही. कारण आपण सायकली गाडीच्या टपावर टाकून शहराबाहेर नेतो आणि तिथून चालवायला सुरुवात करतो. शहरातून बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत गेल्या तरी त्याची झळ टपावरच्या सायकलीला लागत नाही.

खाड्यांवरचे नवे पूल पूर्ण होतील तेव्हा फेरीबोटींचं उत्पन्न घटेल आणि त्या बंद पडू शकतील. बोटही नाही आणि पुलावर सायकलला जागाही नाही, अशी वेळ आली तर मुंबई ते रत्नागिरी हा मार्ग पाच ठिकाणी तुटेल आणि मग खरोखरच हायवेशिवाय गत्यंतर उरणार नाही. म्हणून रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ आणि जयगड या प्रत्येक पुलावर कठड्याच्या आत, वाहनांपासून वेगळी केलेली, पायी चालणाऱ्यांना आणि सायकलला पुरेल अशी पट्टी हवी, आणि पूल खुला होण्याआधी हवी. हायवेचा सल्ला देणाऱ्या ज्येष्ठ सायकलपटूंच्या शब्दाला वजन आहे, अधिकारी त्यांना ओळखतात, त्यांच्या मोहिमांना झेंडा दाखवायला येतात. त्यांनी या पाच पट्ट्यांसाठी लेखी मागणी करावी. तिच्यावर सही करायला आणि इतरांच्या सह्या गोळा करायला मी तयार आहे.